कवळी आहे का?

रावपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकांच्या यकृतात दोनदा पू झाला. दोन्ही वेळा नळी घालून काढला, अँटिबायोटिक्स झाली, ताप उतरला आणि पुन्हा चढला. पू पुन्हा का होतो हे कुणीच सांगेना, म्हणून सीटी स्कॅनच्या वेळी मीही सोबत गेलो.

रेडिओलॉजिस्ट बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कवळी आहे का?" होती. "मासे खाता?" बडोद्यातलं जुनं सीकेपी घर, मासळीशिवाय कसं चालेल! पण काटा गिळल्याचं काकांना आठवेना. "बहुतेकांना आठवत नाहीच," बाई म्हणाल्या. कवळीने टाळू झाकला की तोंडात काटा आल्याचं कळत नाही.

मग त्या पडद्यावर एकेक चित्र सावकाश सरकवू लागल्या. यकृताच्या डाव्या भागात करडा डाग होता. पुढच्या चित्रात डागात पांढरा ठिपका दिसला. बाईंनी चित्राचा कोन फिरवला, तशी ठिपक्याची रेघ झाली. बारीक, जराशी वाकलेली, जेमतेम तीन सेंटिमीटर. तो काटा होता. जठराच्या शेवटच्या टोकाशी भिंत भेदून तो लगतच्या यकृतात शिरला होता आणि सोबत आतले जंतूही गेले होते.

आपल्याकडे यकृतात पू म्हटलं की आधी अमिबाचा संशय येतो. तो पू बहुधा उजव्या भागात होतो. डावीकडे दिसला की या बाई काटा शोधतात. काट्यासारखीच गिळली गेलेली लाकडी टूथपिक तर साध्या एक्स-रेत दिसतच नाही. गिळलेल्या वस्तूमुळे यकृतात पू झालेला पहिला रुग्ण १८९८ साली नोंदवला गेला, तरी कवळीचा प्रश्न काकांना तोवर कुणी विचारला नव्हता.

गिळलेल्या बहुतेक वस्तू शौचावाटे आपोआप पडून जातात. आतडं किंवा जठर भेदलं जाण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी. बाईंनी हे धीर द्यायला सांगितलं होतं. काकू मात्र घरी येईपर्यंत "शंभरात एकाहून कमी" एवढंच म्हणत राहिल्या.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काटा काढला, त्यानंतर ताप आला नाही. काटा आत ठेवून नुसता पू काढत राहणं हा अर्धाच उपचार आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कवळीवाले कुणी असतील तर काटे काढूनच वाढा. आणि ताप हटत नसेल, पोटात वरच्या बाजूला दुखत असेल, तर मासे खाता, कवळी आहे, टूथपिक चावायची सवय आहे, हे कुणी विचारायची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.