अंड्याचे कवच पातळ का होते?

पुण्यात एप्रिल-मेमध्ये परसातल्या कोंबड्या कधी कधी पातळ कवचाची, क्वचित नुसत्या पापुद्र्याची अंडी घालतात. असे का होते, ते आपण पाहू.

कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बरेचसे काम रात्री चालते. त्या वेळी खाल्लेले कॅल्शियम संपले, की कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. शिवाय कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती धापा टाकते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी कार्बोनेट अपुरे पडते.

स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियम लागते. ते कमी पडले तर अंडे आतच अडकू शकते आणि कोंबडी दगावू शकते. शेपूट खाली टाकून कुंथणारी कोंबडी दिसली, तर तिला कोमट पाण्यात बसवावे व लगेच पशुवैद्याकडे न्यावे. अंडे आत फोडू नये.

म्हणून आम्ही सुचवतो: संध्याकाळी वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवावा, दिवसा सावली आणि गार पाणी द्यावे.

वर्गात कवचाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. बुडबुडे येतील. उन्हात कोंबडी धापांबरोबर गमावते तो हाच वायू.