खवट लोण्याचा वास आणि आतड्याचे इंधन

हळदीतले कर्क्युमिन, ब्रोकोलीतले सल्फोराफेन किंवा डाळिंबातली टॅनिने यांमुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो, अशा आशयाच्या बातम्यांमागोमाग त्या त्या घटकाच्या कॅप्सूल बाजारात येतात. परंतु यांपैकी अनेक घटक रक्तात फारच थोडे उतरतात आणि उरलेल्यांचे काय होते हे आतड्यात वस्तीला असलेले जीवाणू ठरवतात. डाळिंबातील टॅनिनांपासून युरोलिथिन नावाची संयुगे जीवाणूच तयार करतात, आणि ते जीवाणू प्रत्येकाच्या पोटात असतातच असे नाही.

या जीवाणूंकडे पूर्वी संशयानेच पाहिले जाई. युगांडात दीर्घकाळ काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी 1971 मध्ये असे मांडले की, चोथायुक्त आहार घेणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांत हा कर्करोग विरळा आढळतो, कारण त्यांचा मल भरघोस असतो व आतड्यातून लवकर पुढे सरकतो. त्यामुळे पित्ताम्लांवर प्रक्रिया करून जीवाणू जी घातक द्रव्ये बनवत असावेत, ती विरळ होतात व अस्तराशी त्यांचा संपर्कही कमी काळ राहतो. चोथा म्हणजे जणू केरसुणी, अशी ही कल्पना होती.

प्रत्यक्षात मानवी पाचकरसांना न जुमानणारा चोथा मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर याच जीवाणूंमुळे प्राणवायूविना आंबतो व त्यातून लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्लाचे नाव लोण्यावरूनच पडले आहे, कारण खवट लोण्याचा तो वास याच आम्लाचा असतो. (तुपातही ते असते, म्हणून तूप आतड्याला तारते असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो, पण तुपातले ब्युटिरिक आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते, मोठ्या आतड्याच्या वाट्याला ते जवळजवळ येत नाही.) मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी ग्लुकोजपेक्षा हे आम्ल इंधन म्हणून अधिक पसंत करतात, हे संशोधक रोडिगर यांनी 1980 च्या सुमारास दाखवले. कर्करोगाच्या पेशी मात्र, ऑटो वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवल्याप्रमाणे, प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोज आंबवण्यावरच भर देतात. त्यामुळे न जळलेले ब्युटिरिक आम्ल त्यांच्या केंद्रकात साचते आणि जनुकांची उघडझाप बदलून वाढीला लगाम घालते. निरोगी पेशीचे अन्न रोगी पेशीला विषासारखे ठरावे, हा योग विलक्षण खरा. तथापि त्याचा बराचसा पुरावा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधला आहे.

माणसांमधील निष्कर्ष इतके सरळ नाहीत. 2015 च्या एका प्रयोगात 20 आफ्रिकी-अमेरिकी आणि 20 ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली, तेव्हा चोथा वाढलेल्या अमेरिकी गटात ब्युटिरिक आम्लाची निर्मिती सुमारे अडीच पट झाली आणि अस्तरातील अतिरिक्त पेशीविभाजनाची चिन्हे घटली. दुसऱ्या गटात नेमके उलट घडले. उलटपक्षी, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांत चोथा वाढवूनही आतड्यातील गाठी, म्हणजे पॉलिप, पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले नव्हते. अर्थात काही वर्षांची चाचणी दशकानुदशके वाढणाऱ्या रोगाला अपुरी पडते, हा आक्षेप रास्त आहे.

सर्वांत चकित करणारा निकाल 2022 चा आहे. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषामुळे कर्करोगाचा धोका वाढलेल्या 463 जणांना सरासरी दोन वर्षे प्रतिरोधी पिष्ट, म्हणजे कच्च्या केळ्यात किंवा शिजवून थंड केलेल्या बटाट्यात असते तसे सहजी न पचणारे पिष्ट, रोज 30 ग्रॅम देण्यात आले होते. पुढील काळात त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही; मात्र जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका यांसारख्या ठिकाणचे कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आले. जिथे पिष्ट आंबते तिथे लाभ नाही आणि जिथे ते आंबत नाही तिथे आहे, या कोड्याचा उलगडा करताना संशोधकांनी जीवाणूंकडून पित्ताम्लांवर होणाऱ्या प्रक्रियेकडेच बोट दाखवले आहे. बर्किट यांचा संशयही तिच्यावरच होता.