चुलीचा हवापुरवठा

चूल, शेगडी किंवा गिझर यांच्या ज्वलनासाठी लागणारी हवा घरातून घ्यावी की बाहेरून, हा घरबांधणीतील काहीसा दुर्लक्षित प्रश्न आहे. १ किलो सुके लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे ५ घनमीटर हवा लागते. १ किलो स्वयंपाकाच्या गॅसला सुमारे १२ घनमीटर.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत ठाकर, कातकरी समाजांची जुनी घरे कारवीच्या कुडाची असत. कूड शेणमातीने लिंपलेला असला, तरी त्याचा माथा व छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा राही. चूल घरात, पण तिला मिळणारी हवा बाहेरचीच, अशी ही रचना होती. अर्थात धुराचा त्रास त्यामुळे टळत नसे.

विटांच्या भिंती आणि स्लॅब आल्यावर ही वाट बुजते. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून घेतल्यास प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. रंग-गंध नसलेला हा विषारी वायू हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट बांधला जातो. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे याच कारणाने प्राणघातक ठरते. धूर दिसत नसल्याने धोका जाणवत नाही. न्हाणीघरातील साध्या गॅस गिझरबाबतही तेच घडते. तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत बसवणे उत्तम.

केवळ धुराडे पुरेसे नसते. ते हवा बाहेर नेते, आत आणत नाही. जमिनीलगत झरोका नसल्यास धूर उलटा घरात येऊ शकतो. थंड प्रदेशांत बाहेरच्या हवेने घर गारठण्याची अडचण असते, कोकणपट्टीत ती जवळजवळ नाही.