सावलीचा हिशेब

गेल्या वर्षीचा सप्टेंबर, शुक्रवारची सुट्टी. जिदहफ्समध्ये सकाळचे साडेपाच, म्हणजे मिरजेत आठ. अशा वेळी दादाचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं. पण बातमी निराळी होती. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरलं होतं आणि पाहणी करून गेलेला माणूस म्हणाला होता, "आग्नेयेचा नारळ काढावा लागेल." तो नारळ आईने लावलेला. आई जाऊन सहा वर्षं झाली. दादा म्हणाला, "तू दिवसभर कॉम्प्युटरवर सावल्याच मोजतोस ना? मग आमच्या नारळाची मोज. तोडायचा की ठेवायचा, तेवढं सांग."

माझं काम खरंच सावल्या मोजण्याचं आहे. सूर्याबरोबर वळणाऱ्या पॅनेलच्या, म्हणजे ट्रॅकरच्या, प्रकल्पात सावलीमुळे किती वीज जाईल, ते प्रकल्प उभा राहण्याआधी काढायचं. घरच्यांना हे समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. ती त्या सकाळी आली.

सुरुवात दिवाळीच्या माळेपासून करू. आकाशकंदिलाशेजारी लावायची ती छोट्या दिव्यांची माळ आठवते? एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात, मग एकेक दिवा हलवून बघत बसायचं. पॅनेलमधले सेल असेच एकापुढे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एका सेलवर सावली पडली की प्रवाह तिथे अडतो आणि बाकीचे सेल उन्हात असूनही अडकून पडतात. शिवाय अडलेला सेल तापतो. म्हणून साठ-बहात्तर सेलच्या पॅनेलचे तीन भाग करून प्रत्येकाला डायोडची आडवाट दिलेली असते. सावली आली की प्रवाह त्या भागाला वळसा घालून पुढे जातो. पॅनेल वाचतं, पण त्या भागाची वीज जाते. ताटलीएवढी सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पाडू शकते, ती अशी.

आता ट्रॅकर. दक्षिणोत्तर उभ्या केलेल्या रांगा सकाळी पूर्वेला झुकतात, दुपारी आडव्या होतात, संध्याकाळी पश्चिमेला वळतात. समजा पॅनेल 2 मीटर रुंद आहेत आणि एका रांगेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 4 मीटर अंतर आहे. सूर्य 30 अंशांच्या खाली असला की पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू लागते. सप्टेंबरात बहरीनला सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्ताआधीचे साधारण दोन-दोन तास असे असतात.

हिशेबापुरतं धरू की सूर्य 20 अंशांवर आहे आणि रांगा थेट त्याच्याकडे तोंड करून आहेत. मागच्या रांगेचा खालचा जवळपास तिसरा हिस्सा सावलीत जातो. आपल्याला वाटतं, वीजही तिसरा हिस्साच जाईल. पण पॅनेलची लांब बाजू रांगेला काटकोनात असेल, तर सावलीची ती पट्टी तिन्ही भागांच्या तळावरून जाते आणि तिन्ही भाग एकदम अडतात. थेट उन्हाची जवळजवळ सगळी वीज जाते, उरते ती आकाशातून विखरून येणाऱ्या उजेडाची. हल्लीच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा अर्धा भाग स्वतंत्र चालतो, म्हणून साधारण निम्मी तरी वाचते.

यावरचा उपाय ऐकून दादा हसला. सूर्याकडे तोंड करायचंच नाही. 70 अंश झुकण्याऐवजी 23 अंशांवरच थांबायचं. ऊन तिरकं पडतं, पण सावली कुणावरच नाही. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. गंमत अशी की दोन्ही रीतींत गोळा होणारं थेट ऊन सारखंच असतं, पूर्ण उन्हाच्या सुमारे 68 टक्के. ते सगळ्या सेलवर सारखं पसरलं तर वीज होते, पट्टीने कापलं गेलं तर माळ विझते.

प्रत्यक्षात जमीन उंचसखल असते, हवेत धूळ असते. एक रांग हातभर वर असली तरी कोन बदलावा लागतो. म्हणून पीव्हीसिस्ट किंवा मोफत मिळणारं पीव्हीलिब यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाच्या 8760 तासांपैकी प्रत्येक तासाचा सूर्य, कोन आणि सावली मांडतात आणि सावलीत सेलचे कोणते भाग येतात ते मोजतात. बहरीनने 2060 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं ध्येय 2021 मध्ये जाहीर केलं. पण सगळा देश आठशे चौरस किलोमीटरच्या आतला. जागा कमी, म्हणून रांगा जवळजवळ आणि सावलीचा प्रश्न मोठा.

हीच रीत मिरजेच्या गच्चीला लावली. दादाने टेप धरून मापं घेतली, पुतण्याने फोटो पाठवले. फोटोत दिसली दक्षिणेच्या कठड्याला टेकलेली पाण्याची काळी टाकी. पाहणीच्या कागदावर नारळ होता, टाकी नव्हती! डिसेंबरात मिरजेला भर दुपारीही सूर्य 50 अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे ऊन कडक असतानाच टाकीची सावली पॅनेलवर बसून राहणार होती. नारळाची सावली मात्र हिवाळ्यात सकाळी येऊन पुढे सरकत होती. वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा टाकी नारळापेक्षा जास्त वीज खाणारी निघाली.

टाकी उत्तरेला हलवली. जूनमध्ये सूर्य मिरजेच्या थोडा उत्तरेला जातो, पण इतका डोक्यावर असतो की तिची सावली पायाशीच राहते. नारळाची सावली जिथे पोचते, ती पॅनेल वेगळ्या माळेत जोडून इन्व्हर्टरच्या वेगळ्या तोंडाला दिली. सकाळी ती थोडी मागे पडतात, बाकीच्यांना ओढत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी सध्या हीच चर्चा आहे. 2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण उरलेले पैसे आपलेच असतात. तेव्हा पैसे पाठवण्याआधी एवढं विचारा: 21 डिसेंबरला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठे असेल? टाकी, जिना, शेजारचा वाढणारा मजला धरला आहे का? सावलीतली पॅनेल वेगळ्या माळेत आहेत का? उत्तर कागदावर मागा. झाड तोडायला अर्धा तास पुरतो, वाढायला किती वर्षं लागतात ते आपल्याला माहीत आहे.

यंदा गणपतीच्या आरतीनंतर त्याच झाडाचा नारळ फोडल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. खोबरं गोड होतं म्हणे.