एकदाच उडायचं विमान

१९४१ साली अटलांटिकमधल्या ब्रिटिश मालवाहू जहाजांना पाणबुड्यांइतकाच धसका होता तो फोके-वुल्फ कोंडोरचा. मूळचं प्रवासी असलेलं चार इंजिनांचं हे जर्मन विमान फ्रान्समधल्या बोर्दोहून निघायचं, तोफांच्या टप्प्याबाहेर घिरट्या घालत राहायचं आणि ताफ्याचा ठावठिकाणा बिनतारी संदेशाने कळवायचं. किनाऱ्यावरची लढाऊ विमानं एवढ्या लांब पोचत नव्हती आणि विमानवाहू नौका पुरेशा नव्हत्या.

मग ३५ मालवाहू जहाजांच्या नाळेवर रॉकेटच्या जोरावर विमान फेकणारे रूळ बसवले आणि त्यांवर एकेक हरिकेन लढाऊ विमान चढवलं, बरीचशी वापरून जुनी झालेली. पोटात माल नेहमीचाच, खलाशीही व्यापारी जहाजावरचे. वैमानिक मात्र हवाई दलाचा.

उड्डाणाच्या वेळी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडायचा, डोकं मागे टेकवायचा, उजवं कोपर कमरेशी घट्ट दाबायचा (धक्क्याने हात मागे आला की दांडाही खेचला जायचा!) आणि डावा हात खाली करून खूण द्यायचा. अधिकारी तीन आकडे मोजे, नाळ लाटेवर चढू लागेपर्यंत थांबे आणि मगच रॉकेटं पेटवी.

खरी पंचाईत पुढेच. परतायला धावपट्टीच नाही. जमीन टप्प्यात नसेल तर पॅराशूटने उडी मारायची किंवा विमान पाण्यावर टेकवायचं. हरिकेनच्या पोटाखालचा रेडिएटर पाण्यात रुतून विमान झटकन बुडायचं, म्हणून उडीच बरी. मे १९४२ मध्ये यांपैकी ‘एम्पायर मॉर्न’ जहाजावरून उडालेल्या जॉन केंडलने एक जर्मन युंकर्स विमान पाडलं; उडी मारल्यावर पॅराशूट वेळेत उघडलं नाही.

अशीच यंत्रणा नौदलाच्या ‘मॅप्लिन’ जहाजावरही होती. तिच्यावरून ऑगस्ट १९४१ मध्ये कोंडोर पाडणारा रॉबर्ट एव्हरेट १९२९ची ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत जिंकलेला जॉकी होता. असल्या कामाला असलाच माणूस हवा!

३५ पैकी १२ जहाजं बुडाली; ‘मायकेल ई’ तर पहिल्याच फेरीत. शत्रूवर उड्डाणं झाली जेमतेम नऊ, विमानं पाडली आठ, वैमानिक गमावला तो एकटा केंडल. एकदा विमान सोडलं की ताफा उघडा, म्हणून कप्तान ते शेवटपर्यंत राखून ठेवायचे. माझ्या मते नुसत्या आकड्यांवर या योजनेचा हिशेब मांडणं अन्यायाचं आहे. रुळावर हरिकेन दिसलं की कोंडोरला बिनधास्त जवळ येता येत नव्हतं.

१९४३ मध्ये धान्याच्या आणि तेलाच्या जहाजांवरच सपाट धावपट्ट्या आल्या, त्यांवर स्वॉर्डफिश विमानं उतरू लागली. रुळांची योजना गुंडाळायची वेळ आली असताना, त्या जुलैत, ‘एम्पायर डार्विन’ आणि ‘एम्पायर टाइड’वरच्या हरिकेननी एकाच दिवशी दोन कोंडोर पाडली.