छत्तीस वळणांपलीकडचे तळे

म्हैसूरला गेलेला पाहुणा राजवाडा पाहतो, चामुंडीच्या टेकडीवर जाऊन येतो, संध्याकाळी वृंदावन बागेतली कारंजी पाहतो आणि नंतर उटीची वाट धरतो. उटीच्या गजबजलेल्या तळ्यात होडीतून एक फेरी मारली, की त्याची सहल पुरी होते. पण त्याच डोंगरात पंचवीस-तीस किलोमीटर आणखी आत, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, दुसरे एक तळे आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे नाव ॲव्हलांच.

दिवाळीच्या सुटीत आम्ही पुण्याहून म्हैसूरला मामांकडे गेलो होतो. मामांचे वय चौऱ्याहत्तर. नोकरीच्या निमित्ताने चाळीस वर्षांपूर्वी म्हैसूरला आले आणि तिथलेच झाले. चार वर्षांपूर्वी मामी गेल्या, तेव्हापासून त्यांनी गावाबाहेर पाऊल टाकले नव्हते. त्या रात्री जेवताना ते आपण होऊन म्हणाले, “ॲव्हलांचला जाऊ या. जावईबापू गाडी चालवतील. मी शेजारी बसतो.”

मला आश्चर्य वाटले. पण विचारले नाही.

कटकट सुरू

मामांच्या मते पहाटे चारला निघायला हवे होते. “आम्ही नेहमी चारलाच निघायचो!” पण बंडीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो. रात्री पाणी आणि चारा शोधत रस्ता ओलांडणारे हत्ती, हरणे, बिबटे गाड्यांखाली सापडू लागले, म्हणून ही बंदी आली. चारला निघून नाक्यावर ताटकळण्यापेक्षा इडली खाऊन निघावे, असे मी सुचवले. मामांनी तोंड वाकडे केले.

मग ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना तो घ्यावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर रोज किती गाड्या सोडायच्या याचीही मर्यादा ठरली होती : कामाच्या दिवशी सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार. “आपल्याच देशात फिरायला पास?” मामा म्हणाले.

शेवटची ठिणगी पडली ती पाण्याच्या बाटल्यांवरून. निलगिरीत प्लॅस्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. मी माळ्यावरून मामींचा पितळी फिरकीचा तांब्या काढला, चिंचेने लख्ख घासला आणि पाणी भरून गाडीत ठेवला. मामा त्या तांब्याकडे पाहत राहिले. या वेळी मात्र काही बोलले नाहीत.

सपाटीवरून चढणीला

नंजनगूड मागे पडले, गुंडलुपेट आले. तेथून पुढे शेते संपत जातात आणि बंडीपूरचे जंगल सुरू होते. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. राज्याची सीमा ओलांडली, की त्याच जंगलाचे नाव मुदुमलाई होते. झाडांना आणि हत्तींना अर्थातच हा फरक कळत नाही. सीमेवर पास तपासला गेला, डिकी उघडून पाहिली गेली. तांब्या पाहून तपासणारा हसला.

तेप्पकाडूला सरकारी हत्ती छावणी आहे. २०२३ साली ऑस्कर मिळालेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटातले हत्ती इथलेच. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवीकडचा गुडलूरवरून जाणारा, लांबचा पण सौम्य. डावीकडचा मसिनगुडीवरून कल्हट्टी घाटाने चढणारा, जवळचा पण खडा. आम्ही डावीकडे वळलो.

या घाटात छत्तीस तीव्र वळणे आहेत. आमच्या दहा वर्षांच्या लेकीने ती मोजायला सुरुवात केली, आणि बाराव्या वळणावर पोटात ढवळू लागल्याने सोडून दिली. मामांनी तिला आलेपाकाची वडी दिली, खिडकी उघडायला लावली आणि दूरच्या डोंगराकडे बघ म्हणून सांगितले. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला मात्र वळणे जाणवतात. या दोघांचे जमेनासे झाले, की मळमळते. नजर दूर ठेवली की हे भांडण मिटते.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या थोडे वर आहे, तर उटी सव्वादोन हजारांच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. मसिनगुडीत पंखा हवासा वाटत होता, वर पोहोचेपर्यंत स्वेटर निघाले. वेफर्सची पिशवी फुग्यासारखी टम्म फुगली. उटीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपटच असतो, त्याचा हा घरगुती पुरावा!

तळ्याकाठी

उटीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी ॲव्हलांचला निघालो. चहाचे मळे, गाजर-बटाट्याची पायऱ्यापायऱ्यांची शेते, मग उंच झाडांची दाटी. आपण मराठीत ज्या झाडाला निलगिरी म्हणतो, ते मूळचे निलगिरीचे नाहीच. सर्दी झाली की आजी ज्याचे तेल रुमालावर टाकायची, ते झाड इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून आणून येथे लावले. येथले अस्सल जंगल म्हणजे शोला : दोन टेकड्यांच्या खळगीत दाटलेली बुटकी, शेवाळलेली झाडे आणि भोवती मोकळे गवत. हे गवत आणि शोला मिळून पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतात. याच कुरणांवर तोडा लोक शतकानुशतके म्हशी चारत आले. पुढे पुष्कळशा गवतावर निलगिरी आणि वॅटलची लागवड झाली आणि तो स्पंज आक्रसला.

वन खात्याच्या नाक्यावर आपली गाडी सोडावी लागते. पुढे खात्याच्याच गाडीतून जायचे. “आता हेही!” मामा पुटपुटले, पण चढून बसले.

आणि मग एका वळणावर झाडी बाजूला झाली. खाली तळे होते. गवताळ डोंगरांच्या प्रत्येक घडीत शिरलेले, काठाला हिरवे आणि मध्ये काळपट. वारा पडला होता. ढगाची सावली पाण्यावरून सरकत होती, तेवढीच काय ती हालचाल. गाडीतली माणसे कोणी न सांगता हळू बोलू लागली.

“तळे इतक्या उंचावर चढले कसे?” लेकीने विचारले.

प्रश्न चांगला होता. हे तळे निसर्गाने केलेले नाही. कोलंबो योजनेखाली कॅनडाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कुंदा जलविद्युत प्रकल्पाची धरणे येथे आहेत, आणि दरीत अडवलेले पाणी म्हणजे हे तळे. हेच पाणी बोगद्यांतून खाली उतरून वीज देते, भवानी नदीला मिळते आणि शेवटी कावेरीत जाते. ॲव्हलांच हे नाव मात्र धरणापेक्षा जुने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे मोठी दरड कोसळली, तिच्यावरून ते पडले. डोंगर अजूनही तसाच हळवा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये येथे चोवीस तासांत ऐंशी सेंटिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा दिवस आठवत असेल, त्या दिवशी सांताक्रूझला ९४ सेंटिमीटर पडला होता. अशा डोंगरात जितक्या कमी गाड्या, जितकी कमी बांधकामे, तितके बरे.

मामा तळ्याकडे पाहत बराच वेळ उभे होते. मग त्यांनी तांब्यातले पाणी भांड्यात ओतून घेतले आणि सावकाश प्यायले.

उतरताना

परतीच्या दिवशी यांनी सवयीने गाडी कल्हट्टीच्या दिशेने घेतली. पोलिसाने अडवले. बाहेरच्या जिल्ह्यातल्या गाड्यांना हा घाट उतरायला मनाई होती, गुडलूरवरून जा म्हणाला. तीसेक किलोमीटर जास्त! या वेळी कटकट केली ती आमच्या यांनी. मामा शांतपणे म्हणाले, “जावईबापू, गुडलूरनेच चला. आणि ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.”

थोड्या वेळाने ते आपणच सांगू लागले. १९८६ मधली गोष्ट. उटीहून परतताना रात्र झाली होती. मामी पुढे, मुले मागे. पेट्रोल वाचावे म्हणून मामांनी कल्हट्टीच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. सगळा भार ब्रेकवर आला. जळका वास सुटला, पण त्यांनी दुर्लक्ष केले. एका वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाशी गेला.

“एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगरावर घातली गाडी. मुलांना खरचटलं. तुझ्या मामीचं गळ्याजवळचं हाड मोडलं.”

ब्रेक सतत दाबून धरला, की घर्षणाने तापतो. अति तापला की त्यातले तेल उकळते, वाफ धरते आणि पायाला जोर मिळत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. मामांना हे तेव्हाही ठाऊक होते. “चार रुपयांचं पेट्रोल वाचवायला गेलो,” ते म्हणाले.

“मामा, तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.”

“तिनंही कुणाला सांगितलं नाही. माझी चूक म्हणून कधी काढून दाखवली नाही. फक्त पुन्हा त्या घाटात आली नाही. त्या वेळी ॲव्हलांच बघायचं राहिलं होतं. पुढच्या खेपेला बघू, म्हणालो होतो.”

गाडीत कोणी बोलले नाही. तांब्या लेकीच्या मांडीवर होता. तो कलंडू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी धरला होता.

बंडीपूरचा नाका आम्ही साडेसातला ओलांडला. दीड तास हाताशी होता. घरी आल्यावर मी तांब्या माळ्यावर ठेवायला निघाले, तर मामा म्हणाले, “राहू दे ओट्यावर. रोज लागेल.”

निघण्यापूर्वी

ई-पास आधीच काढून ठेवा. बंडीपूरचा रस्ता अंधार पडण्यापूर्वी ओलांडता येईल असे वेळापत्रक आखा. जंगलात गाडी थांबवू नका, उतरू नका, माकडांना खायला देऊ नका.

कल्हट्टी घाटाचे नियम बदलत असतात. वर जाण्यापूर्वी मसिनगुडीला आणि उतरण्यापूर्वी उटीला चौकशी करा. पावसाळ्यात ॲव्हलांचची फेरी बंद असू शकते.

उंचीचा खरा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. लडाखचे पँगाँग तळे सव्वाचार हजार मीटरवर आहे, तशी धास्ती येथे नाही. तरी दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे. डिसेंबर-जानेवारीत या दरीत पहाटे पारा शून्याखाली जातो, तेव्हा लोकरीचे कपडे हवेतच.

आणि पाण्यासाठी घरातला एखादा जुना तांब्या बरोबर घ्या.