आवडता पेटीवादक कोण? उत्तर कानात, मेंदूत आणि आठवणीत

रत्नागिरीला पेटीचे वेड जुने आहे. गणपतीतल्या आरत्या, देवळातले भजन, संगीत नाटकाची तालीम, 'खल्वायन'सारख्या संस्थेच्या संगीतसभा, थिबा राजवाड्याच्या आवारात रंगणारा आर्ट सर्कलचा महोत्सव, पेटी सगळीकडे असतेच. जिथे पेटी असते तिथे एक वादही ठरलेला असतो. गोविंदराव पटवर्धन मोठे, अप्पा जळगावकर मोठे, की तुळशीदास बोरकर? नाट्यपदांवर पोसलेला रसिक गोविंदरावांचे नाव घेतो. पेटीतून पदाचे शब्दच ऐकू यायचे, असे तो सांगतो. भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रिका ऐकत वाढलेल्याला अप्पांची संयत साथ हवी असते. तिसऱ्याला बोरकरांच्या सुराचा गोडवा पुरतो. आणि घरातला तरुण या तिघांना सोडून आजच्या एखाद्या वादकाची चित्रफीत मोबाइलवर लावतो.

वाद्य एक, राग एक, पदही एक. मग आवडी इतक्या वेगळ्या का? 'ज्याची त्याची आवड' म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो. पण गेल्या काही दशकांत मेंदूविज्ञानाने आणि मानसशास्त्राने त्यात बरेच खोदकाम केले आहे. त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी गमतीच्या आहेत, तर काही थेट आरोग्याशी संबंधित.

पेटी तीच, हात वेगळे

पियानोची पट्टी जोरात दाबली की स्वर मोठा येतो, हळू दाबली की नाजूक. पेटीचे तसे नाही. पट्टी कितीही जोराने दाबा, सुराचा मोठेपणा ठरतो तो भात्याच्या हवेवर. स्वराची उंची तर धातूच्या सुरपट्टीने आधीच ठरवलेली असते. म्हणजे वादकाच्या हाती उरते ते भात्याचा दाब, एक स्वर सोडून दुसरा धरण्याची वेळ, मध्ये लावलेला कण, एखादी मुरकी आणि सोडलेली जागा. दोन स्वर किंचित एकमेकांवर आले की मींडेचा भास होतो. तुटक आले की तान दाणेदार वाटते. हे फरक सेकंदाच्या छोट्या अंशांचे असतात. कान ते टिपतो, पण 'नेमके काय आवडले' हे शब्दांत सांगता येत नाही. मग आपण म्हणतो, 'हातात गोडवा आहे.'

पेटी मुळातच न आवडणाराही एक वर्ग आहे आणि त्यालाही कारण आहे. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा चौदा सेंटचा फरक सामान्य श्रोत्याच्या लक्षातही येत नाही. तयार कानाला तो टोचतो, कारण सरावलेला कान पाच-सहा सेंटचा फरकही ओळखू शकतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, त्यामागे असलेल्या आक्षेपांत हा एक होता. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली, तीही याच अडचणीवर उपाय म्हणून. म्हणजे एकाच पेटीला एक जण 'गोड' आणि दुसरा 'बेसूर' म्हणतो, तेव्हा दोघेही आपापल्या कानाशी प्रामाणिक असू शकतात.

समेआधीचा आनंद

संगीत ऐकताना मेंदू स्वस्थ बसत नाही. पुढचा स्वर कोणता येईल, सम कधी येईल, याचा अंदाज तो सतत बांधत असतो. कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखवले की, आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. विशेष म्हणजे ते फक्त त्या उत्कट क्षणीच नव्हे, तर त्या आधीच्या काही सेकंदांतही, मेंदूच्या वेगळ्या भागात स्रवते. मैफलीत समेच्या आधीच माना डोलू लागतात, हात वर जातात, तो हाच काळ.

पण अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला तर कंटाळा येतो आणि सतत चुकत राहिला तर गोंधळ होतो. मजा या दोहोंच्या मधे असते, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. हा 'मध्य' मात्र प्रत्येकाचा वेगळा. ज्याने एखादे नाट्यपद शेकडो वेळा ऐकले आहे, त्याला नेहमीची जागा आली तर नवल वाटत नाही. वादकाने तिथे अनपेक्षित वळण घेतले तरच तो 'वा!' म्हणतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तेच वळण अवघड वाटते, त्याला साधी, सरळ चाल हवी असते.

पियानोच्या जगातले एक उदाहरण बोलके आहे. ग्लेन गूल्ड या कॅनेडियन वादकाने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली. ती सुमारे ३८ मिनिटांची होती. १९८१ मध्ये त्यानेच ती पुन्हा वाजवली तेव्हा सुमारे ५१ मिनिटे लागली. वादक तोच, रचना तीच. तरी रसिकांचे दोन तट पडले. एका तटाला तरुणपणाचा वेग हवा, तर दुसऱ्याला उतारवयातला ठहराव.

पहिला ठसा

जे वारंवार ऐकतो ते आवडू लागते. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून मांडलेला हा निष्कर्ष आजही मानला जातो. त्यातही किशोरवय ते पंचविशीपर्यंतच्या काळात ऐकलेल्या संगीताचा ठसा अधिक खोल असतो. याच वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात सर्वाधिक स्पष्ट आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. संगीत त्या आठवणींना चिकटून येते.

म्हणून सत्तरीतल्या रसिकाची पेटी ही केवळ पेटी नसते. तिच्यात नाटकाला केलेली पायपीट असते, पेट्रोमॅक्सचा उजेड असतो, शेजारी बसलेले वडील असतात. नव्या वादकाला या सगळ्याशी स्पर्धा करावी लागते. 'आता तसे कोणी वाजवत नाही' हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते, यात नवल नाही.

नाव ऐकतो की सूर?

आपण फक्त कानाने निवड करतो, हा समज मात्र फारसा टिकत नाही. लंडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना एकाच रचनेची 'तीन वेगवेगळ्या कलाकारांची' ध्वनिमुद्रणे ऐकवली. प्रत्यक्षात तिन्ही वेळा एकच ध्वनिमुद्रण होते. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश श्रोत्यांना ती वेगवेगळी वाटली.

चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये पियानोसारख्या शास्त्रीय वादनाच्या स्पर्धांतील अंतिम फेरीच्या छोट्या फिती वापरल्या. तीन स्पर्धकांतून विजेता ओळखायचा होता. फक्त आवाज ऐकून अंदाज बांधणाऱ्यांचे उत्तर तीनांत एकदाही धड बरोबर येत नव्हते. आवाज बंद करून नुसते चित्र पाहणाऱ्यांचे मात्र सुमारे निम्म्या वेळा बरोबर आले. व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने हे प्रयोग पुन्हा केले. परिणाम दिसला, पण तो कोणत्या स्पर्धकांच्या फिती निवडल्या यावर बराच अवलंबून असल्याचेही लक्षात आले. तेव्हा 'माणूस ऐकतच नाही' असा टोकाचा अर्थ काढण्याचे कारण नाही. वादकाची बैठक, चेहऱ्यावरचे भाव, नावामागचे 'पंडित' हे सारे आपल्या निवडीत मिसळलेले असते, एवढे मात्र खरे.

इतरांचे मतही त्यात असते. २००६ मध्ये अमेरिकेत चौदा हजारांहून अधिक लोकांवर इंटरनेटवरून झालेल्या प्रयोगात अनोळखी गाणी ऐकवली गेली. आधी किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले हा आकडा दाखवला की, लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय होत. गमत म्हणजे, वेगवेगळ्या गटांत ती लोकप्रिय गाणी वेगवेगळी असत.

काही फरक जन्माचे

स्वीडनमधील नऊ हजारांहून अधिक जुळ्यांच्या माहितीवरून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संगीतातून मिळणाऱ्या आनंदातल्या व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे निम्मा भाग आनुवंशिक घटकांशी जोडता येतो. हा आकडा 'किती आनंद होतो' याबद्दल आहे; गोविंदराव आवडावेत की अप्पा, हे जनुके ठरवत नाहीत.

काही थोड्या माणसांना तर संगीताचा आनंदच होत नाही. त्यांचे कान चांगले असतात, सूर ओळखता येतात, जेवण, मित्र, पैसा या गोष्टींचा आनंदही होतो. फक्त संगीत त्यांना कोरडे वाटते. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये याचे व्यवस्थित वर्णन केले. हा आजार नाही. अशा व्यक्तीला 'अरसिक' म्हणून हिणवण्यापेक्षा मैफलीला येण्याचा आग्रह सोडून देणे बरे.

आवड बदलली की कान?

इथे प्रश्न गंभीर होतो. वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत बसणारे आजोबा अचानक मैफलीला जायचे टाळू लागतात. 'हल्लीचे वादक कर्कश वाजवतात, मजा येत नाही,' एवढेच सांगतात. घरचे ते मत म्हणून स्वीकारतात. पण कधी कधी ते मत नसते, लक्षण असते.

वाढत्या वयात आंतरकर्णातल्या सूक्ष्म केसपेशी कमी होत जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला उंच कंपनसंख्येचे ध्वनी हरवतात. पेटीचे मूळ स्वर बहुतेक खालच्या-मधल्या पट्ट्यात असल्याने ते ऐकू येत राहतात; त्यांच्यावरचे उंच उपस्वर मात्र विरतात आणि पेटीची चमक जाते. तबल्याच्या चाटेची धार बोथट होते. बोलण्यातले 'स', 'श', 'फ' निसटतात, म्हणून तक्रार येते ती 'ऐकू येते, पण कळत नाही' अशी. आणखी एक विचित्र गोष्ट घडते. हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. 'कर्कश वाजवतात' या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते.

हे वेळीच ओळखणे महत्त्वाचे आहे. ऐकू कमी येणारी व्यक्ती हळूहळू गप्पांतून, समारंभांतून बाजूला होते आणि एकटी पडते. उपचार न केलेला श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या घटकांपैकी एक असल्याचे 'लॅन्सेट' आयोगाच्या अहवालांत नमूद आहे. साठीनंतर एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी कधी कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते. श्रवणयंत्र लागलेच, तर आपण संगीत ऐकतो हे तज्ज्ञाला आवर्जून सांगावे. ही यंत्रे प्रामुख्याने बोलणे समजावे म्हणून जुळवलेली असतात. पेटीचा लांब धरलेला सूर यंत्राला स्वतःची शिट्टी वाटू शकते आणि तो दाबण्याच्या प्रयत्नात सूर हलल्यासारखा ऐकू येतो. संगीतासाठी वेगळी जुळणी करून घेता येते. एका कानाचे ऐकू येणे अचानक गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कान ठीक असूनही पूर्वी जीव की प्राण असलेले संगीत नकोसे झाले, सोबत झोप, भूक, उत्साह कमी झाला आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. तिथेही 'वयोमानाने होतेच' असे म्हणून थांबू नये.

तरुणांनाही यात सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. आवाज त्याहून वाढला की ही मर्यादा झपाट्याने कमी होते. कानात इअरफोन घालून ऐकताना आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकासमोर उभे राहताना हे लक्षात ठेवावे. आज सांभाळलेल्या केसपेशींवर पन्नास वर्षांनंतरची मैफल अवलंबून आहे.

वाद जरूर घालावा, पण ऐकून

घरातच एक साधा प्रयोग करता येईल. एकाच पदाची तीन वादकांची ध्वनिमुद्रणे घ्यावीत. एकाने ती नाव न सांगता, सारख्याच आवाजात लावावीत, कारण थोडे मोठ्याने वाजणारे संगीत उगाचच अधिक चांगले वाटते. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकून पसंती कागदावर लिहावी. आठवड्याने क्रम बदलून पुन्हा ऐकावे. निवड तीच राहिली, तर आवड सुराची. नेहमीच्या आवडीपेक्षा वेगळी निघाली, तर त्या आवडीत नावाचा वाटा असू शकतो असे समजावे.

नावाचा वाटा असणे काही गुन्हा नव्हे. एखाद्या वादकावर माणूस प्रेम करतो, तेव्हा तो सुराबरोबर आपल्या गावावर, घरावर आणि गेलेल्या दिवसांवरही करत असतो. नातवाची आवड वेगळी निघाली, तर त्याच्या आठवणी अजून तयार होत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या तयार होत असताना आजोबांना शेजारी बसून सगळे नीट ऐकू यावे, याची काळजी मात्र घरातल्या सर्वांनी घ्यायला हवी.